ज्याचं गाव त्याच्यापाशी

मनवर सरांच्या टेबलावर कधीच काही नसे. पेन नसे, कागद नसे, पाण्याचा ग्लासही नसे. खण उघडला तर आत झुरळं होऊ नयेत म्हणून अंथरलेलं वर्तमानपत्र तेवढं. नव्या माणसाला वाटे, यांची आजच बदली झाली की काय.

तसं काही नव्हतं. सरांच्या सगळ्या वस्तू ऑफिसातच असत, फक्त त्यांच्यापाशी नसत. त्यांचं पेन माझ्या टेबलावर असे, कारण लिहिण्याचं काम माझ्याकडे जास्त. चष्मा ठोंबरे क्लार्कच्या टेबलावर, कारण तिथल्या खिडकीतून उजेड बरा येई आणि बारीक अक्षर वाचायला सर तिथेच जात. जेवणाचा डबा गुलाबराव चपराश्याकडे, कारण शेगडी त्याच्या ताब्यात.

"वस्तू ज्याच्या कामाची, त्याच्यापाशी असावी, कुंदाबाई," ते मला म्हणत. "आपल्याले फक्त एवढं मालूम पाह्यजे, का थे कोणापाशी हाय."

एकदा मी नणंदेच्या लग्नासाठी दारव्ह्याला गेले आणि जाताना टेबलाला कुलूप लावून गेले. सरांचं पेन आत. त्या काळात सरांनी एकाही कागदावर सही केली नाही. दुसऱ्याचं पेन मागणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. मी परत आले तेव्हा आमचे मोठे साहेब भडकलेले होते आणि सर मात्र खूश होते.

"बरं झालं तुम्ही गेलत्या," ते म्हणाले. "आपली सारी व्यवस्था एका माणसावर टेकून होती. आता मालूम पडलं."

त्यांनी लगेच दुसरं पेन आणलं आणि गुलाबरावकडे ठेवलं. गुलाबराव तसा हौशी माणूस. त्यानं त्या पेनात हिरवी शाई भरली. सरकारी कागदावर हिरव्या शाईची सही मोठ्या अधिकाऱ्यानं करायची असते. सरांच्या हिरव्या सह्या साहेबांसमोर गेल्या आणि साहेबांनी बोलावून घेतलं. बाहेर येऊन सर खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "दोन पेनं झाली का दोन शाया होतात. मंग खरी सही कोणती मानाची? लय मोठा प्रश्न हाय हा, कुंदाबाई. जगात अजून कोणाले नीट सुटला नाही."

त्यांना मी वेडं समजत असे. काय कोणापाशी असावं हे ठरवणं हेच त्यांचं काम होतं, हे मला हळूहळू कळलं.

मी मूळची अनुरेखक. जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं उतरवून काढणारी. त्या वर्षांत यवतमाळला पाहुणे फार येत. कापसाचं पार बिघडलं होतं, गावोगावी माणसं हवालदिल झाली होती आणि ते बघायला मुंबई-दिल्लीच्या गाड्या येत. प्रत्येक पाहुण्याला नकाशा हवा असे. एकाला विहिरींचा, एकाला जमिनीच्या पोताचा, एकाला बियाण्यांच्या दुकानांचा. आम्ही दर वेळी नव्यानं नकाशा करायचो, पाहुणा तो गुंडाळून न्यायचा, आणि पुढचा पाहुणा येईपर्यंत तो शिळा झालेला असायचा. शेवटी वरून हुकूम आला की सगळ्या जिल्ह्याचा नकाशा कम्प्युटरवर आणा. त्याची रचना कशी असावी हे ठरवण्यासाठी मनवर सर कंत्राटावर आमच्याकडे आले.

सर दारव्ह्याकडच्या एका खेड्यातले. वसतिगृहाच्या शाळेतून शिष्यवृत्तीवर शिकत शिकत हैदराबादच्या कंपनीत पोचले होते आणि चाळिशी उलटल्यावर चांगली नोकरी सोडून परत आले होते. का परत आले हे कोणी विचारलं तर म्हणत, "तिथं काही काम नव्हतं." लग्नाचं विचारलं तर म्हणत, "जुळलं नाही." दोन्ही उत्तरं एकाच आवाजात.

साहेबांच्या मनातला नकाशा साधा होता. एक मोठा कम्प्युटर, एक थंडगार खोली, त्यात सगळा जिल्हा. सरांना ते ऐकूनच बेचैन व्हायचं.

"साहेब, मुकुटबनची विहीर आटली हे मुकुटबनले आज मालूम पडते. इथं यवतमाळले मालूम पडाले पावसाळा येते. मंग विहिरीचा नकाशा इथं कायले ठेवाचा? ज्याचं गाव त्याच्यापाशी राहू द्या. आपण फक्त इचाराचं. नकाशा गोळा कराची वस्तू नाही, इचाराची हाय."

प्रत्येक तालुक्याला एक लहान कम्प्युटर, त्यात त्या तालुक्यानं स्वतः सांभाळलेला नकाशा, आणि यवतमाळहून प्रश्न गेला की सगळ्यांनी आपापल्या वाटणीचं उत्तर पाठवायचं. ते तुकडे जोडून जिल्हा दिसायचा. अशी त्यांची कल्पना. बोलता बोलता ते मध्येच थांबत, नजर खिडकीबाहेर जाई आणि चेहरा झोपेतल्या माणसासारखा निवांत होई.

"घाटंजीच्या बाजारात आता कोणीतरी म्हशीचा सौदा करून राह्यलं असन," ते म्हणत. "थे आपल्या नकाशात नाही. असाले पाह्यजे का?"

 उत्तर त्यांना नकोच असे.

मशिनी येण्याआधी रचना चालते की नाही हे बघायचं होतं. तसं दाखवून देणारं काहीतरी कागदावर काढतात म्हणे. सरांनी ते माणसांचं केलं. एका दुपारी सगळ्या ऑफिसाला आवारातल्या कडुलिंबाखाली बोलावलं आणि प्रत्येकाला तालुका केलं. मी यवतमाळ. ठोंबरे दारव्हा. त्या दिवशी प्रशिक्षणासाठी बाहेरून आलेल्या ऑपरेटर मंडळींना ज्याचा त्याचा तालुका. गुलाबराव झाला टेलिफोनची लाइन. त्यानं चिठ्ठ्या इकडून तिकडे न्यायच्या आणि सरांनी टाळी वाजवली की जागच्या जागी बसून राहायचं, कारण वीज गेली.

"किती वेळ बसू जी?" गुलाबरावनं विचारलं.

"आपल्या इथं जितका वेळ जाते तितका."

"मंग चटई आणतो."

पहिला प्रश्न मी पाठवला तो दारव्ह्यात अडकला, कारण ठोंबरे झाडाला टेकून झोपले होते. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. ठोंबऱ्यांसमोर उकिडवे बसून त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहिले. "उठवू नका," ते म्हणाले. "तालुका असा झोपणारच. बाकीच्यायनं थांबाचं नाही. जेवढं आलं तेवढं दाखवाचं, अन् दारव्हा आला नाही म्हणून साफ लिहाचं."

मग त्यांनी दुसरा प्रश्न दिला. पांढरकवडा आणि झरी या दोन तालुक्यांच्या मधून एक नाला जातो, त्याच्या काठावर कोणती वस्ती आहे आणि तिला पाणी कुठून मिळतं. दोन्हीकडच्या ऑपरेटरांनी आपापल्या नकाशातून नाला चिठ्ठीवर उतरवून पाठवला. गुलाबरावनं चिठ्ठ्या आणल्या. सरांनी त्या जमिनीवर एकमेकींना लावून ठेवल्या. नाला जुळेना. एकीवर तो जिथे संपत होता, दुसरीवर तिथे सुरूच होत नव्हता. मध्ये बोटभर माती दिसत होती.

झरीची ऑपरेटर सुशीला आत्राम वाकून त्या मातीकडे बघत होती. शांत मुलगी, एरवी विचारल्याशिवाय बोलत नसे.

"सर," ती म्हणाली, "इथं पोड हाय. कोलामांचं. माही आत्या राह्यते तिथं."

"कोणाच्या चिठ्ठीवर हाय?"

तिनं दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या. "कोणाच्याच नाही."

सर तिथेच मातीत बसले. पुढची तालीम झाली नाही. ठोंबरे जागे झाले तेव्हा सगळे आत गेलेले होते आणि सर एकटे त्या दोन चिठ्ठ्यांपाशी होते.

पुढच्या आठवड्यात ते, मी आणि सुशीला त्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या त्या वस्तीवर, गेलो. पांढरकवड्याहून जीप होती. जीपमध्ये माणसं, कोंबड्या आणि सरकीच्या ढेपेची पोती. सर पोत्यावर बसून हिंदकळत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठा आनंद होता. रस्त्यानं उतरून आम्ही वाळलेल्या पऱ्हाटीच्या वावरांतून चालत गेलो. बोंडं केव्हाच वेचून झाली होती, काड्यांवर कुठे कुठे कापसाचा धागा अडकून हलत होता. मोहाची फुलं पडत होती आणि त्या वासानं डोकं जड झाल्यासारखं वाटत होतं. पोडाजवळ आलो तर सगळं इतकं शांत, की आपण चालत आलो की झोपेत आलो हे कळेना.

सुशीलाच्या आत्यानं बाज टाकून दिली. ती सुशीलाशी कोलामीत बोलली आणि आमच्याशी आमच्या बोलीत. नाल्याच्या कोरड्या पात्रात पोडातल्या लोकांनी झिरा खणला होता, म्हणजे वाळूतला खड्डा. त्यात पाणी झिरपायची वाट बघत बाया बसल्या होत्या. वाटीनं पाणी काढून गुंड, म्हणजे हंडे, भरत होत्या. हंगामात ही मंडळी दूरदूरच्या वावरांत कापूस वेचायला जात. औंदा मालकांचंच काही निघालं नाही, म्हणून काम नव्हतं.

"टँकर येत नाही?" मी विचारलं.

"झरीले गेलतो तर म्हणे तुम्ही पांढरकवड्याचे. पांढरकवड्याले गेलतो तर म्हणे झरीचे," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"दोघंही खोटं बोलून नाही राह्यले," सर हळूच म्हणाले. "दोघायपाशी जुना नकाशा हाय. दोघायचा येगळा." मग त्यांनी तिला विचारलं, "बाई, तुम्ही स्वतःले कोणापाशी समजता?"

आत्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आम्ही आमच्यापाशीच हाव," ती म्हणाली आणि आत जाऊन पाणी घेऊन आली. एवढ्या कष्टाचं पाणी. सर ते दोन्ही हातांनी धरून थोडं थोडं प्याले. 

मशिनी आल्या. पांढरकवडा आणि झरीला आधी बसवल्या. मुंबईहून एक अधिकारी बाई हे सगळं पाहायला येणार असं ठरलं. त्यांनी हो म्हटलं तर सगळे तालुके जोडले जायचे आणि सरांचं कंत्राट पुढे चालू राहायचं. आदल्या दिवशी साहेबांनी नकाशा भिंतीवर पाडून बघितला. दोन तालुक्यांच्या मधोमध एक पांढरी पट्टी दिसत होती.

"मनवर, ती फट बुजवा."

"बुजवता येते साहेब. एका बटणाचं काम हाय."

"मग बुजवा ना."

"बुजवली का पोड एका बाजूले जाऊन पडते, नाहीतर मिटून जाते. कोणत्या बाजूले पाडाचं थे कम्प्युटर ठरवन. कम्प्युटर तिथं गेला नाही. आम्ही गेलतो."

साहेब वाईट नव्हते. वरून विचारणा झाली की उत्तर त्यांनाच द्यावं लागे. ते कपाळ चोळत म्हणाले, "अहो, त्या बाई एवढ्या दुरून येतात. पहिल्याच नकाशात आपण त्यांना भोक दाखवायचं? तुमचंच कंत्राट जाईल."

"जाईन," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या. वयानं सरांहून लहान, बोलायला नेमक्या. सरांनी प्रश्न पाठवला. तुकडे सावकाश आले. आधी पांढरकवडा, मग झरी. भिंतीवर नाला वाहत आला आणि मध्येच थांबला.

"ही पांढरी पट्टी काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तिथं लोक राह्यतात," सर म्हणाले, आणि वीज गेली.

पंखा थांबला, भिंत काळी झाली. साहेबांनी गुलाबरावला हाक मारली, गुलाबराव जनरेटरकडे धावला. सर मात्र बोलतच राहिले. त्यांना बहुधा वीज गेल्याचं कळलंच नाही. त्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी सगळं पोड सांगितलं. मोहाचं झाड कोणत्या अंगाला, घरं कशी, झिऱ्यापाशी बाया कशा बसतात, पाणी झिरपायच्या आत सावली कशी सरकून जाते. आवाज अगदी खाली होता.  दोन्ही तालुके कसे खरं बोलतात आणि तरी पोड कसं सुटतं, हे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "नकाशानंच भांडण लपवलं तर थे कोणाले दिसन?"

जनरेटर सुरू झाला. सर उजेडात डोळे चोळत उभे होते.

"त्या पोडाचं नाव काय?" बाईंनी वही काढत विचारलं.

 सरांनी सगळं पाहिलं होतं, नाव विचारायचं राहिलं होतं. ते गोरेमोरे झाले. मागच्या रांगेतून सुशीलानं सांगितलं, "लेतूपोड."

त्याच आठवड्यात लेतूपोडला टँकर गेला. आधी झरीचा गेला आणि दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याचाही, तेव्हा पोडातली मंडळी घाबरली म्हणे, की आता काय झालं. पावसाळ्यापूर्वी तिथे हातपंप बसला.

बाकीचं सरांच्या मनासारखं झालं नाही. बाईंनी अहवाल चांगला लिहिला, पण वर दुसरंच ठरलं. सगळा नकाशा दूरच्या शहरात एकाच मोठ्या जागी ठेवायचं ठरलं. तिथे वीज जात नाही, हे कारण सरांनाही खोडता आलं नाही. तालुक्यांच्या मशिनी परत गेल्या. सरांची एक गोष्ट तेवढी नव्या रचनेत राहिली. दोन तालुक्यांची शीव जिथे जुळत नाही तिथे ती जुळवायची नाही, पांढरी सोडायची आणि दोघांना विचारायचं. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं," आणि गुलाबरावला चहा मागितला. महिनाअखेर त्यांचं कंत्राट संपलं.

ते हैदराबादला परत जातील असं आम्हाला वाटलं होतं. गेले नाहीत. स्टँडमागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहिले आणि पोरांना कम्प्युटर शिकवू लागले. मला कधी बाजारात भेटत. मी त्यांना दर वेळी घरी जेवायला या म्हणे, ते दर वेळी हो म्हणत आणि येत नसत.

दिवाळी झाल्यावर सुशीला काही कामासाठी यवतमाळला आली. झरीलाच ती दुसऱ्या टेबलावर लागली होती. चहा पिताना म्हणाली, "बाई, सर अजून फोन करतात."

"कायले?"

"दिवस मावळताना करतात. इचारतात, तिकडं काही बदललं का. पह्यले मी म्हटलं, सर, मशीन तर नेली, आता कुठं टाकता? थे म्हणे, टाकाचं नाही, फक्त मालूम असावं." ती कप फिरवत राहिली. "काही नाही बदललं म्हटलं का लगेच ठेवून देत. आवाज असा बारीक होऊन जाये त्यायचा. तवापासून मी दिवसभर पाह्यत राह्यते, का आज सरांले सांगाले काय हाय. कोणाच्या घराचं कुड पडलं, कोण्या वावरात तूर फुलली. पांढरकवड्याचा ऑपरेटर बी असंच करते म्हणे."

"आणि एखाद्या दिवशी काहीच नसलं तर?"

"मंग एखादी चिंच पाडून टाकते," सुशीला म्हणाली आणि पदराआड हसली.

मला त्या दिवशी घरी गेल्यावरही ते डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी संध्याकाळी मी भाजी घेऊन येताना सरांच्या गल्लीत वळले. दार उघडंच होतं. सर खाटेवर बसून फोन कानाला लावून ऐकत होते. डोळे मिटलेले. मला बघून त्यांनी हातानं बसा म्हटलं.

"हं. कोणत्या अंगाले पडली? नाल्याकडं? हं. मंग रस्ता मोकळा हाय ना?"

मी खोलीभर बघितलं. एक बाज, एक खुर्ची, कोपऱ्यात स्टोव्ह. स्टोव्हवर धूळ होती. शेजारी एकच पातेलं, घासून पालथं घातलेलं.

सरांनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "झरीकडची मोठी चिंच पडली म्हणते. लय जुनी असन थे." त्यांच्या डोळ्यांपुढे ती जागा आलेली दिसत होती. झाड गेल्यावर तिथे पडलेलं ऊनही बहुधा दिसत असावं. मी मान हलवली.

मग ते पुन्हा फोनमध्ये म्हणाले, "हो, हो, जेवलो." थोडं थांबून, "खरंच जेवलो ना बाई." आणि फोन माझ्यापुढे धरला. "कुंदाबाई, तुम्हीच सांगा हिले. मानत नाही."

मी फोन घेतला. 

"सुशीला," मी म्हटलं, "सर आज आमच्याकडे जेवायला आहेत. मी न्यायलाच आले."

"बरं जी," ती म्हणाली.

सरांनी नाही म्हटलं नाही. बाजेखालून चपला काढल्या, सदरा बदलला आणि कुलूप शोधत बसले. ते माझ्यासमोरच खुर्चीवर होतं. दाराला लावताना त्यांचा हात थांबला.

"हे तिले तिकडं बसून कसं मालूम पडते हो," त्यांनी विचारलं, "का मी खोटं बोलून राह्यलो?"

"चला सर," मी म्हटलं. "वरण निवून जाईल."